सीमेवर फौजा जमल्या म्हणजे युद्ध होणारच का? काय पाहावे आणि काय सोडून द्यावे

प्रश्न असा: दोन शेजारी देशांत एका वादग्रस्त पट्ट्यावरून वातावरण तापले आहे, दोन्हीकडचे मंत्री रोज इशारे देत आहेत, सीमेकडे निघालेल्या लष्करी ताफ्यांचे व्हिडिओ फिरत आहेत. युद्ध खरेच होणार की ही नुसती दमबाजी आहे, हे बाहेरून पाहणाऱ्याने कशावरून ओळखायचे?

थोडक्यात उत्तर असे की भाषणे आणि ताफे बाजूला ठेवावेत आणि जी तयारी महागडी आहे, नाशवंत आहे, फार दिवस तशीच ठेवून चालत नाही, ती शोधावी. नुसती धमकी द्यायची असेल तर तिची गरज पडत नाही. लढायचे असेल तर ती टाळता येत नाही. मात्र हा नियम लावण्याआधी कोणत्या तऱ्हेच्या युद्धाची शक्यता आहे हे ठरवावे लागते, आणि बहुतेकांची पहिली चूक तिथेच होते.

भूभागाच्या वादातला संघर्ष ढोबळमानाने तीन तऱ्हांचा असतो. गुपचूप शिरून एखादा तुकडा बळकवायचा आणि मग समोरच्याला हटवून दाखवायला सांगायचे, ही पहिली. जमीन न घेता विमाने, क्षेपणास्त्रे, ड्रोन यांनी मारा करून अद्दल घडवायची, ही दुसरी. आणि रणगाडे-तोफांसह पूर्ण चढाई, ही तिसरी. तिघींची पूर्वचिन्हे वेगवेगळी आहेत. तिसरीची चिन्हे दिसत नाहीत म्हणून पहिली होणार नाही असे मानणे, हे १९९९च्या कारगिलमध्ये महागात पडले. तिथे फौजांची मोठी जमवाजमव झालीच नव्हती. हिवाळ्यात रिकाम्या केल्या जाणाऱ्या उंचावरच्या जागांवर पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्रीचे सैनिक येऊन बसले आणि मेच्या सुरुवातीला पहिली खबर लागली ती स्थानिक मेंढपाळांकडून. अशा घुसखोरीसाठी डिव्हिजन (सुमारे १५ हजार जवानांचे दल) हलवली तर बेतच उघडा पडतो. तिथे पाहायचे ते गस्तीतले खंड, ठरावीक मोसमात मोकळ्या पडणाऱ्या चौक्या, पलीकडच्या बाजूला अवेळी वाढलेल्या हेलिकॉप्टरच्या फेऱ्या, खेचरांच्या आणि हमालांच्या वाटांवरची नवी वर्दळ. तुकडा जितका लहान, निर्मनुष्य आणि कमी पहाऱ्याचा, तितका हा मोह मोठा.

दुसऱ्या तऱ्हेत जमिनीवरच्या फौजा जवळजवळ काहीच सांगत नाहीत. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला २६ जण मारले गेले आणि भारताचा हवाई मारा झाला तो ७ मेच्या पहाटेपूर्वी, म्हणजे मध्ये फक्त १५ दिवस गेले. त्या काळात सूचक होते ते दुसरेच: सिंधू जलकरार स्थगित, एकमेकांच्या उच्चायोगांतल्या (दूतावासांतल्या) लष्करी सल्लागारांची हकालपट्टी, दोन्हीकडून एकमेकांच्या विमानांना हवाई हद्द बंद, आणि २४४ जिल्ह्यांत नागरी संरक्षणाचा सराव घ्यायचा आदेश. हा सराव ७ मे रोजी होता. मारा त्याच्या आदल्या रात्री झाला. म्हणून एखादी तारीख जाहीर झाली की तोवर वेळ आहे असे गृहीत धरू नये. अशा तारखा कधी खऱ्या असतात, कधी समोरच्याला सुस्तावण्यासाठी असतात, आणि आपल्याला ते नंतरच कळते.

आता तिसरी तऱ्हा. इथे आकडेमोड उपयोगी पडते, कारण मोठी चढाई वजनावर चालते. १५५ मिलिमीटरचा एक तोफगोळा साधारण ४३ ते ४५ किलोचा. १८ तोफांची एक रेजिमेंट दर तोफेमागे दिवसाला १०० गोळे झाडणार असेल तर नुसत्या गोळ्यांचेच वजन ७७ टनांच्या पुढे जाते. त्यात प्रणोदक पिशव्या (गोळा फेकणारी दारू), फ्यूज आणि पेट्या धरल्या की १०० टनांच्या आसपास. म्हणजे दहा टनी दहा ट्रक, एका रेजिमेंटला, एका दिवसाला. चढाईच्या आघाडीवर अशा कितीतरी रेजिमेंट लागतात आणि साठा किमान आठवडा-दहा दिवसांचा हवा. कारगिलमध्ये, म्हणजे मर्यादित टापूत, भारतीय तोफखान्याने सुमारे अडीच लाख गोळे, बॉम्ब आणि रॉकेटे वापरली असे सांगितले जाते. एवढा माल घरच्या डेपोत असतो तेव्हा तो युद्धाचे चिन्ह नसतो. तो डेपोतून निघून आघाडीच्या वीस-तीस किलोमीटर मागे, उघड्यावर, मातीचे बांध घालून, एकमेकांपासून अंतर ठेवून रचला जाऊ लागला की अर्थ बदलतो. उघड्यावरचा दारूगोळा पावसाने, उन्हाने खराब होतो, त्यावर पहारा बसवावा लागतो, आणि एका ड्रोनने सगळा ढीग जाऊ शकतो. दमबाजीसाठी एवढा धोका सहसा कोणी पत्करत नाही.

इंधनाचेही तसेच. टी-७२ रणगाड्याच्या टाक्यांत १,२०० लिटर डिझेल मावते. ४५ रणगाड्यांची रेजिमेंट एकदा भरायची तर ५४,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे सहा टँकर. रणगाडे उभे असतानाही इंजिने रोज चालवून पाहावी लागतात, त्यात डिझेल जाते, पट्टे झिजतात, बॅटऱ्या उतरतात. म्हणून रणगाड्यांच्या फोटोंपेक्षा टँकरांची आणि दुरुस्ती-गाड्यांची संख्या मोजणारा विश्लेषक मला जास्त भरवशाचा वाटतो. दोनशे रणगाडे आणि सोबत तुरळक टँकर, ही संचलनाची तयारी. दोनशे रणगाडे, त्यांच्या मागे टँकरांचे तळ, बिघडलेले रणगाडे ओढून नेणारी वाहने, सुटी इंजिने घेऊन आलेले कारखान्याचे पथक, ही निघण्याची तयारी. पाण्याचा हिशोब लोक विसरतात. पिण्याचे आणि स्वयंपाकाचे मिळून माणशी दहा लिटर धरले तरी १५,००० जवानांच्या डिव्हिजनला रोज दीड लाख लिटर लागते. वाळवंटी भागात नवे कूपनलिकांचे काम, पाण्याच्या टाक्या आणि तात्पुरत्या पाइपलाइन दिसणे हे अर्थपूर्ण चिन्ह आहे.

त्यानंतर इंजिनिअर दले. नदी, कालवा किंवा चर असलेल्या सीमेवर तरंगते पूल, पूल टाकणारे रणगाडे, सुरुंग साफ करणारी नांगरवाहने पुढे आली आहेत का? बचाव करणारा सुरुंग पेरतो, चर खोदतो, पूल उडवण्याची तजवीज करतो. चढाई करणारा आपल्याच सुरुंगांतून वाटा मोकळ्या करतो. दोन्ही कामे सीमेवर 'हालचाल' म्हणूनच दिसतात, पण दिशा उलटी असते. आपल्याच बाजूच्या सुरुंगपट्ट्यात रात्रीतून गल्ल्या पडू लागल्या तर ते फार उशिराचे आणि फार गंभीर चिन्ह मानावे. त्यानंतर उरतात ते तास किंवा एखाद-दोन दिवस.

वैद्यकीय तयारी हे माझ्या मते सर्वांत प्रामाणिक चिन्ह, कारण तिचा दिखावा करून कोणाला भीती वाटत नाही. तंबूंचे फील्ड हॉस्पिटल सरावातही उभारतात. रक्त मात्र सरावाला लागत नाही. लाल पेशींची पिशवी शीतकपाटात जास्तीत जास्त सहा आठवडे टिकते, प्लेटलेट पाच दिवस. म्हणजे रक्त पुढे आणले की घड्याळ सुरू झाले. जानेवारी २०२२च्या अखेरीस रशियाने युक्रेनच्या सीमेजवळ रक्तसाठा हलवल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा ज्यांना हे गणित माहीत होते त्यांनी आपले मत बदलले. २४ फेब्रुवारीला चढाई झाली. सीमेजवळच्या नागरी रुग्णालयांत साध्या शस्त्रक्रिया पुढे ढकलणे, वॉर्ड रिकामे करणे, शल्यविशारदांच्या रजा रद्द होणे, रक्तदान शिबिरांची अचानक गर्दी, हे त्याच जातीचे पुरावे आहेत.

काळाचा मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे. पूर्ण जमवाजमव केलेली फौज फार काळ तशी ठेवली तर मोठी किंमत मोजावी लागते. १३ डिसेंबर २००१च्या संसदेवरील हल्ल्यानंतर भारताने ऑपरेशन पराक्रम सुरू केले. प्रहारक कोअर (चढाईसाठीची मोठी दले) देशाच्या आतल्या छावण्यांतून सीमेवर पोहोचून सज्ज व्हायला सुमारे तीन आठवडे लागले. तेवढ्यात १२ जानेवारी २००२ला पाकिस्तानचे अध्यक्ष मुशर्रफ यांचे भाषण झाले, अमेरिकेचा दबाव आला आणि संधीचा काळ निघून गेला. फौज मात्र ऑक्टोबर २००२पर्यंत तशीच उभी राहिली. सुरुंग पेरताना आणि काढताना, दारूगोळ्याच्या अपघातांत, रस्त्यांवर, एकही लढाई न होता शेकडो जवान गेले. पुढे भारताने जे बदल केले, म्हणजे लहान, सीमेजवळच ठेवलेल्या, तोफा-रणगाडे-पायदळ एकत्र असलेल्या तुकड्यांची कल्पना, त्याचा उगम याच तीन आठवड्यांत आहे. वाचणाऱ्याने यातून घ्यायचे ते हे की हल्लीच्या फौजा जितक्या सीमेलगत कायम राहतात तितका इशाऱ्याचा काळ आखूड होतो, आणि वीस वर्षांपूर्वीची 'आधी रेल्वेगाड्या मोजा' ही पद्धत पुरी पडत नाही.

मोसमही तितकाच बोलतो. चीनने २० ऑक्टोबर १९६२ला हल्ला केला, तो पावसाळा संपल्यावर आणि खिंडी बर्फाने बंद होण्याआधी. २१ नोव्हेंबरला एकतर्फी शस्त्रसंधी. उंचावरच्या सीमेवर माणसाच्या शरीराचेही वेळापत्रक असते. भारतीय लष्करात ९ ते १२ हजार फुटांवर सहा दिवस, १२ ते १५ हजारांवर चार आणि त्यापुढे आणखी चार असे टप्प्याटप्प्याने सरावावे लागते. म्हणजे मैदानातून आणलेली पलटण १५ हजार फुटांच्या वर लढायच्या लायकीची व्हायला दोन आठवडे. ते टाळले तर फुप्फुसांत पाणी भरून माणसे शत्रूआधी हवेने मरतात. म्हणून लडाखसारख्या ठिकाणी 'काल दहा हजार जवान पोहोचले' या बातमीचा अर्थ 'आज हल्ला' असा होत नाही. तिथे हिवाळ्याचा साठा जास्त बोलका. रॉकेल, डबाबंद अन्न, थंडीचे कपडे, थंडीत टिकणारे तंबू हे सारे खिंडी बंद होण्याआधी वर न्यावे लागते. २०२०मध्ये गलवानच्या चकमकीनंतर दोन्ही बाजूंनी अंदाजे ५० हजार माणसांसाठी हिवाळ्याची सोय करायला घेतली, तेव्हाच कळले की हे प्रकरण लवकर मिटणारे नाही, पण लगेच पेटणारेही नाही. दीर्घकाळ बसण्याची तयारी आणि झडप घालण्याची तयारी, दोन्हींत सामान पुढे येते. पक्की घरे, विजेच्या तारा, सांडपाण्याची व्यवस्था दिसली तर ती बसण्याची.

सरावांचा प्रश्न अवघड आहे आणि इथे मोठमोठ्या गुप्तचर संस्था फसल्या आहेत. १९७३मध्ये इजिप्तने सुएझ कालव्याकाठी सराव, राखीव सैनिकांना बोलावणे आणि परत पाठवणे हे चक्र अनेकदा फिरवले. त्या मेमध्ये इस्रायलने खर्च करून सज्जता वाढवली, काहीच झाले नाही, आणि ऑक्टोबरमध्ये तीच चिन्हे दिसल्यावर 'पुन्हा तेच' असे वाटले. ६ ऑक्टोबरला दुपारी हल्ला झाला. त्याआधीच्या एक-दोन दिवसांत एक गोष्ट मात्र सरावाच्या चौकटीत बसत नव्हती: सोव्हिएत सल्लागारांची बायकामुले घाईघाईने इजिप्त आणि सीरियातून नेली जात होती. फेब्रुवारी २०२२चा रशिया-बेलारूसचा सराव २० तारखेला संपायचा होता. तो संपला नाही, लांबवला गेला. सराव आणि हल्ल्याची तयारी वेगळी काढायला पुढच्या गोष्टी विचाराव्यात. शेवटची तारीख जाहीर आहे का आणि ती पाळली जाते का? परदेशी निरीक्षक बोलावले आहेत का? दारूगोळा सरावाचा आहे की जिवंत, आणि किती? एकाच भागातली दले आली आहेत की हजारो किलोमीटरवरून, आपल्या नेहमीच्या जागा उघड्या टाकून? राष्ट्रीय गार्डसारखी अंतर्गत सुरक्षेची दले, लष्करी पोलीस, ताब्यातल्या गावांचा कारभार बघणारी माणसे सोबत आहेत का? सरावाला लष्करी पोलीस थोडे लागतात. ताबा टिकवायला पुष्कळ.

भूगोलाची चाचणी सर्वांत स्वस्त, आणि तीच कमी केली जाते. नकाशा उघडून विचारायचे: घ्यायची असलेली जमीन कोणत्या रस्त्याने घेणार? व्हेनेझुएलाने ३ डिसेंबर २०२३ला गयानाच्या एसेकिबो प्रदेशावर सार्वमत घेतले. हा प्रदेश सुमारे १,५९,५०० चौरस किलोमीटर, गयानाच्या क्षेत्रफळाच्या दोनतृतीयांशाहून जास्त. जगभर युद्धाच्या बातम्या झाल्या. पण दोन्ही देशांना थेट जोडणारा धड रस्ता नाही. सीमेवर दाट जंगल आणि नद्या. गाड्या न्यायच्या तर ब्राझीलच्या रोराइमा राज्यातून, आणि ब्राझीलने तिथे लगेच चिलखती गाड्या पाठवल्या. उरला समुद्र आणि हवाई मार्ग, ज्यांवरून फार मोठी फौज टिकवणे व्हेनेझुएलाच्या आवाक्याबाहेरचे. १४ डिसेंबरला सेंट व्हिन्सेंटमध्ये दोन्ही अध्यक्षांनी बळ न वापरण्याचे निवेदन मान्य केले. तिथला खरा धोका चढाईचा नव्हताच. एखादी बोट तेलक्षेत्रात शिरणे, सीमानदीवर गोळीबार होणे, असा होता. १ मार्च २०२५ला व्हेनेझुएलाची गस्ती नौका गयानाच्या तेल-उत्पादन जहाजांजवळ आलीच.

पण या चाचणीला एक मोठी मर्यादा आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरोबर नाही. कुवत नाही म्हणून युद्ध होणार नाही, हा तर्क नेत्यालाही आपली कुवत नेमकी कळते असे गृहीत धरतो. २०२२च्या सुरुवातीला पुष्कळ जाणकार म्हणत होते की दीड ते पावणेदोन लाख माणसांनी युक्रेनसारखा देश ताब्यात घेता येणार नाही, म्हणून रशिया हल्ला करणार नाही. पहिले विधान खरे ठरले, दुसरे खोटे. मॉस्कोतल्या निर्णयकर्त्यांनी समोरचे सरकार काही दिवसांत कोसळेल असे मानले होते. म्हणून कुवतीचे गणित वापरायचे ते युद्ध कसे होईल हे सांगायला. होईल की नाही हे सांगायला नव्हे. ज्या राजधानीत नेत्याला वाईट बातमी सांगणारे कोणी उरलेले नाही, तिथे हा फरक आणखी महत्त्वाचा.

राजकीय बाजूकडे पाहताना 'कोण चिडले आहे' यापेक्षा 'कोणाची वेळ निघून चालली आहे' हा प्रश्न कामाचा. समोरचा पुढच्या वर्षी जास्त बलवान होणार आहे का, त्याला नवी विमाने मिळणार आहेत का, एखादा करार संपतो आहे का, न्यायालयाचा निकाल येतो आहे का? १९८२मध्ये ब्रिटन आपले गस्ती जहाज एन्ड्युरन्स दक्षिण अटलांटिकमधून काढणार होता, एक विमानवाहू जहाज विकायला निघाला होता. ब्रिटनच्या ताब्यातल्या फॉकलंड बेटांवर अर्जेंटिना हक्क सांगत होता; तिथल्या लष्करी राजवटीने थोडे थांबून हल्ला केला असता तर बेटे सोडवायला ब्रिटनकडे जहाजेच नसती. पण मार्चमध्ये साउथ जॉर्जिया बेटावर भंगार गोळा करायला गेलेल्या लोकांवरून ठिणगी पडली आणि २ एप्रिललाच उतरायचे ठरले. अंदाज चुकण्याचे हे नेहमीचे कारण: योजना शरद ऋतूची असते, घटना वसंतात घडते, आणि माघार घेतली तर देशात नाक कापले जाईल या भीतीने अर्धवट तयारीवर उडी मारली जाते. १४ जूनला अर्जेंटिनाने शरणागती पत्करली. ६४९ अर्जेंटिनी, २५५ ब्रिटिश सैनिक आणि तीन बेटवासी गेले.

छोट्या घटनेतून मोठे युद्ध कसे उभे राहते याचा ताजा धडा थायलंड-कंबोडियाचा. मूळ भांडण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंचांनी काढलेल्या दोन लाखांस एक प्रमाणाच्या नकाशांचे. थायलंड आपले पन्नास हजारांस एक प्रमाणाचे नकाशे मानतो. दोन लाखांस एक प्रमाणाच्या नकाशावरची अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर शंभर मीटर होते, आणि शिळामंदिराचा एक चौथरा तेवढ्यात इकडचा तिकडे जातो. १९६२ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने प्रेह विहिअर मंदिर कंबोडियाला दिले, पण सगळ्या सीमेचा प्रश्न राहिला. २८ मे २०२५ला एका कंबोडियन सैनिकाचा मृत्यू झाला. मग सीमेवरची नाकी बंद, फळे आणि इंधनाच्या आयातीवर बंदी, एका खासगी फोनचे ध्वनिमुद्रण फुटणे, जुलैमध्ये गस्तीवरच्या थाई सैनिकांचे भूसुरुंगांत पाय जाणे, राजदूतांची हकालपट्टी. २४ जुलैला रॉकेटे आणि एफ-१६ विमाने. पहिल्या गोळीपासून सुमारे आठ आठवडे. या साखळीत पाहण्यासारखी गोष्ट ही की प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा उलटवायला महाग होती. नाके पुन्हा उघडता येते; पाय गमावलेल्या सैनिकाचा फोटो मागे घेता येत नाही. पायऱ्या मोजताना हिंसेचा आकार नव्हे, परतीचा खर्च मोजावा.

निकाल लागला म्हणजे वाद संपला असेही नसते. इथिओपिया आणि इरिट्रिया बदमे नावाच्या एका लहानशा गावावरून १९९८ ते २००० लढले, हजारो माणसे मेली. २००२मध्ये सीमा आयोगाने बदमे इरिट्रियाला दिले आणि इथिओपियाने पुढे कित्येक वर्षे ताबा सोडला नाही.

आता ब्रेक, म्हणजे युद्ध रोखणाऱ्या व्यवस्था. भारत-पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांमध्ये थेट फोन आहे. १० मे २०२५ची शस्त्रसंधी त्यावरूनच ठरली. १९९१पासून मोठ्या सरावांची पूर्वसूचना द्यायचा करार आहे, अणुकेंद्रांच्या याद्या दरवर्षी १ जानेवारीला दिल्या-घेतल्या जातात. भारत-चीनच्या १९९६च्या करारात ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही असे कलम आहे. म्हणूनच गलवानमध्ये २० भारतीय जवान गेले तरी गोळी चालली नाही. संकटात हे ब्रेक चालू आहेत का ते तपासावे. फोन होतो का, ठरल्या दिवशी होतो का, झाल्यावर दोन्हीकडचे निवेदन साधारण एकच असते का? राजदूत परत बोलावणे मोठे दिसते पण स्वस्त असते. लष्करी फोन बंद पडणे छोटे दिसते आणि जास्त घातक असते. ९ मार्च २०२२ला भारताचे एक ब्रह्मोस चुकून सुटून पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. काही झाले नाही, कारण दोन्ही फौजा शांतकाळच्या अवस्थेत होत्या. तेच क्षेपणास्त्र मे २०२५च्या पहिल्या आठवड्यात चुकून सुटले असते तर? अपघात युद्ध घडवत नाही. सज्ज अवस्थेतला अपघात घडवू शकतो. सज्जता आपल्याच माणसांनाही घातक असते: २७ फेब्रुवारी २०१९ला बडगामजवळ भारताचेच एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले.

घरबसल्या काय तपासता येते? युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची छायाचित्रे फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी, दहा मीटरच्या तपशिलाची. रणगाडा सात मीटर लांब आणि साडेतीन रुंद, म्हणजे चित्रातल्या एका ठिपक्यापेक्षाही लहान. तो दिसल्याचा दावा कोणी या चित्रावरून केला तर विश्वास ठेवू नये. मात्र नवी खोदाई, पट्ट्यांनी उखडलेली जमीन, गाड्यांचे तळ, तंबूंच्या रांगा, रुंदावलेले रस्ते दिसतात. ढग असतील तर सेंटिनेल-१चे रडार वापरावे. एकच चित्र पाहू नये; गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचे शेजारी ठेवावे, नाहीतर दरवर्षीचा सराव हल्ला वाटतो. नासाच्या आगदर्शक नकाशावर ३७५ मीटरच्या चौकटीत उष्णता दिसते, पण पेंढा जाळल्याचीही दिसते. सुगीचा महिना कोणता ते आधी पाहावे.

वैमानिकांसाठीच्या नोटॅम सूचना वाचताना तीन गोष्टी: क्षेत्र, उंची, वेळ. जमिनीपासून अमर्याद उंचीपर्यंत, सीमेला समांतर लांब पट्टा, चोवीस तास, असे असेल तर दखल घ्यावी. एखाद्या ठरलेल्या गोळीबार क्षेत्रावरची दोन तासांची नोटॅम नेहमीचीच. समुद्री विम्याकडे फार थोडे लोक बघतात. लंडनच्या विमा बाजारातली युद्धजोखीम समिती धोक्याच्या क्षेत्रांची यादी काढते. १५ फेब्रुवारी २०२२ला काळ्या समुद्रातले युक्रेन-रशियालगतचे पाणी त्यात आले, चढाईच्या नऊ दिवस आधी. विमा कंपनीला देशभक्ती नसते, स्वतःचे पैसे असतात. दूतावासाने नागरिकांना 'काळजी घ्या' म्हणणे वेगळे आणि आपल्या कर्मचाऱ्यांना कुटुंबासह निघायला लावणे वेगळे. दुसरे खर्चाचे असते, म्हणून ते मोजावे.

ताफ्यांच्या व्हिडिओंचे काय? बहुतेक जुने किंवा भलत्याच ठिकाणचे असतात. गाड्यांवर कोणत्या तुकडीची खूण आहे, झाडांना पाने कोणत्या ऋतूची आहेत, सावली कोणत्या बाजूला आहे, दुकानाची पाटी कोणत्या लिपीत आहे, एवढे पाहिले तरी निम्मे गळतात. उरलेल्यांत रणगाडे ट्रेलरवर कोणत्या दिशेला चालले आहेत हे विचारावे; संकटाच्या मध्यावर दुरुस्तीसाठी मागे नेलेले रणगाडे 'आघाडीकडे रवाना' म्हणून फिरतात.

या सगळ्याची बेरीज करताना एकेका चिन्हाला फार वजन देऊ नये, पण ती वेगवेगळ्या खात्यांतून आली आहेत का हे बघावे. लष्कर, आरोग्य, रेल्वे, विमा, परराष्ट्र खाते, विमानवाहतूक: यांपैकी चार-पाच ठिकाणी एकाच पंधरवड्यात खर्चिक बदल दिसले तर तो योगायोग नसतो. फक्त लष्करी गोष्टी आणि भाषणे दिसत असतील तर दबाव टाकण्याचा डाव असण्याची शक्यता जास्त. आणि तीन आठवडे सगळे सज्ज राहूनही काही झाले नाही, तर परवडणारे सहसा दोनच मार्ग उरतात: फौज मागे घेणे किंवा उडी मारणे. तो टप्पा शांततेचा नव्हे, सर्वांत नाजूक असतो.

माघारीच्या बातम्याही याच डोळ्यांनी वाचाव्यात. एप्रिल २०२१मध्ये रशियाने युक्रेन सीमेवरून माघारीची घोषणा केली. माणसे परतली, पण पुष्कळ सामग्री वोरोनेझजवळच्या तळावर राहिली. पुढच्या वेळी आणायचे होते ते फक्त माणसांना, आणि माणसे विमानाने किंवा रेल्वेने दोन-चार दिवसांत येतात. ऑक्टोबर २०२४मध्ये भारत-चीनमध्ये देपसांग आणि देमचोकच्या गस्तीवर समझोता झाला. समोरासमोरच्या तुकड्या मागे सरल्या, पण मागच्या खोलीतल्या फौजा, तोफा आणि पक्की बांधकामे हा पुढचा, वेगळा टप्पा आहे. 'सैन्य मागे' ही बातमी आली की आधी रक्त, मग दारूगोळा, मग पूल, मग तोफा आणि रणगाडे, या क्रमाने काय काय घरी गेले ते विचारावे. नुसते जवान गेले असतील तर जमवाजमव रद्द झालेली नसते, पुढे ढकललेली असते.